बिनकानाची पट्टी

काकांच्या वर्कशॉपमध्ये मी पहिल्या दिवशी चहा प्यायले, तेव्हा कपाला कान नव्हता. मला वाटलं, तुटका कप माझ्या वाट्याला आला असेल. मी पाहुणी थोडीच होते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायला आलेली एक मुलगी होते, आणि काकांना काका सगळेच म्हणत. मग पाहिलं तर काकांच्या कपालाही कान नव्हता, काकूंच्याही नव्हता, आणि खिडकीत पालथे घातलेले सगळे कप तसेच होते. कानाच्या जागा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या.

"पाहून काय राहिली?" काका म्हणाले. "कपाले कान कायले पाहिजे? गरम असन त थांबाचं. थंड झाला का उचलाचं. ज्या चहानं बोट भाजते, त्यानं जीभ नाही भाजन का?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर अजूनही पटतं. काकांच्या बऱ्याच गोष्टी अशा होत्या, की त्यांत चूक नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येत नसे. ती कळायची पुढे कधीतरी, बोट भाजल्यावर.

साकोलीत हायवेपासून थोडं आत त्यांचं टिनाचं शेड होतं. लोखंडी पत्रा दाबून कापणारी तीन प्रेस मशीन, एक ड्रिल आणि कामाला चार बाया. शेडच्या पाटीवर आधी काकांचं आडनाव आणि पुढे 'अँड सन्स' असं होतं. काकांना एकच मुलगी. म्हणून एक दिवस त्यांनी 'सन्स'वर रंग फासला. 'अँड' मात्र ठेवला. मी गेले तेव्हा त्याला चारेक वर्षं झाली असतील, पाटी तशीच 'अँड'वर थांबलेली होती. काकू म्हणाल्या, तोही पुसा. काका म्हणाले, "राहू दे. पुढं काही ना काही होईनच."

कोणतीही वस्तू हातात आली की काका ती उलटीसुलटी करून पाहत आणि म्हणत, "याच्यात एक गोष्ट फालतू आहे." हे ते इतक्या खात्रीने म्हणत, की समोरच्याला आपलाच काही गुन्हा उघडकीस येतोय असं वाटे. मग ते ती गोष्ट शोधत. सापडली की काढून टाकत. स्टूलचा चौथा पाय काढला, कारण तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही. शर्टाच्या बाह्या काढल्या. दाराची आतली कडी काढली, कारण आत माणूस असताना चोर येत नाही. माझ्या नव्या कंपासपेटीतल्या दोन वस्तू त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला परत नेऊन ठेवायला सांगितल्या. बाबांनी ती पेटी धान विकून आलेल्या चुकाऱ्यातून घेऊन दिली होती, म्हणून मी ती नुसती पिशवीत लपवून ठेवू लागले.

काकू या सगळ्याला सरावल्या होत्या. त्या म्हणत, "बाई, यायच्या समोर मी जास्त वेळ उभी राहात नाही. एखाद्या दिवशी मलेच उलटंसुलटं करून पाहतीन."

काकांची ही सवय तरुणपणापासूनची. तेव्हा ते भंडाऱ्याला एका भांड्यांच्या दुकानात नावं घालायच्या कामाला होते. लग्नात द्यायचं भांडं घेतलं की त्यावर देणाऱ्याचं नाव घालून घेतात, ते काम. आता त्याला मशीन आलं आहे. तेव्हा हाताने, छिन्नी आणि हातोडीने, ठिपक्याला ठिपका जोडून अक्षर काढत. 'यांजकडून सप्रेम भेट' एवढं लिहायलाच कितीतरी ठिपके लागत. काकांनी पहिल्या महिन्यात 'यांजकडून' काढलं. कोणी तक्रार केली नाही. मग 'सप्रेम' काढलं.

"प्रेम नसतं त भांडं कायले देल्लं असतं?" ते मला समजावून सांगत.

पुढे लग्नाच्या हंगामात दुकानात गर्दी झाली, तेव्हा त्यांना नावच फालतू वाटू लागलं. देणाऱ्याला माहीत आहे आपण दिलं. घेणाऱ्याला माहीत आहे कोणी दिलं. मग नाव कोणासाठी? त्या हंगामात दुकानातून गेलेल्या कित्येक पराती, पाण्याचे गुंड आणि डब्यांवर एकच शब्द होता, 'भेट'. एका लग्नात म्हणे नवरीचा मामा आणि नवरीची आत्या एकाच परातीवर हक्क सांगत मांडवात उभे राहिले. दोघांचाही दावा, मोठी परात माझी. वऱ्हाड जेवायचं थांबलं.

"मग काय झालं काका?" मी विचारलं.

"काय होईन? दुसऱ्या दिवशी मालकानं दुकानातली एक फालतू गोष्ट काढली. मले."

हे सांगताना ते अजिबात हसत नसत. त्यांच्या मते मालकाचा विचार बरोबर होता, फक्त त्याने वस्तू चुकीची निवडली.

मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या शेडवर संकट आलं होतं. गाडीचं बॉनेट उघडलं की पुढे हॉर्न दिसतो. तो हॉर्न बोटभर लांबीच्या एका लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो. काकांकडे ती पट्टी तयार होई आणि नागपूरकडच्या एका कंपनीला जाई. शेडमधलं जवळजवळ सगळं काम त्या एका पट्टीचंच. कंपनीचं पत्र आलं होतं, की पट्टी स्वस्तात द्या, नाहीतर दिवाळीनंतर आम्ही दुसऱ्याकडून घेऊ. किती स्वस्त, तेही लिहिलं होतं. नुसता नफा सोडून ते जमणार नव्हतं. पट्टीच बदलायला हवी होती.

चार बायांपैकी सगळ्यात जुनी शेवंताबाई. ती मोठ्या प्रेसवर बसे. पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "तू शिकलेली आहेस न व? मग सांग, होईन का स्वस्त?"

मी म्हटलं, प्रयत्न करू.

"प्रयत्न नाही. पट्टी राहिली त आपण राहिलो. नाही त मी चालली परत धानाच्या रोवण्याले, कंबर मोडाले."

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे लोक असं काही विचारतात, तेव्हा मला भीती वाटते. आपल्याला येत नाही असं म्हटलं तर शिक्षणाचं नाव खराब होतं, आणि येतं असं म्हटलं तर ते खोटं होतं. मी मान हलवली. ती कोणत्या अर्थाने, ते मलाही माहीत नव्हतं.

काकांनी काम त्यांच्या पद्धतीने सुरू केलं. कंपनीचं ड्रॉइंग समोर घेतलं आणि आधी त्या कागदातल्याच फालतू गोष्टी काढल्या. कोपऱ्यात बारीक अक्षरात इंग्रजीत सात-आठ ओळी होत्या. त्यांवर लाल पेनने रेघ मारली. "हे वकिलाचं काम आहे," म्हणाले. "आपल्याले पट्टीशी मतलब." मग मला त्या ड्रॉइंगची स्वच्छ नक्कल करायला सांगितली. खोडलेल्या ओळी वगळून मी ती केली. फार सुबक झाली होती. मी ती कॉलेजातही दाखवली.

मग तीन आठवडे काका पट्टी खिशात घेऊन हिंडले. जेवताना ताटाशेजारी ठेवत. मी ती मोजून काढलेले आकडे त्यांना वाचून दाखवी, आणि ते डोळे मिटून ऐकत. एका सकाळी मी शेडमध्ये पाऊल टाकताच ओरडले, "इंजिनिअरबाई, भेटला! कान!"

पट्टीच्या एका कडेला नखाएवढा तुकडा बाहेर आलेला होता. तो खाली वळवलेला असे आणि गाडीच्या पत्र्यातल्या एका छोट्या भोकात बसे. काका त्याला कान म्हणत. त्या कानापायी लोखंड रुंद घ्यावं लागे आणि उरलेलं भंगारात जाई. शिवाय तो वळवायला प्रेसचा वेगळा ठोका. कान गेला की लोखंडही कमी आणि ठोकाही एक कमी. मी वहीत हिशेब केला. कंपनीने मागितलं होतं त्यापेक्षा थोडी जास्तच बचत होत होती.

मी घाबरत विचारलं, "पण काका, तो कान कशासाठी होता?"

"कशासाठी नाही. पट्टी धराले बोल्ट आहे ना."

"कंपनीनं काही विचार करूनच लावला असेल ना जी?"

"पोरी, कपाचा कानही कोणीतरी विचार करूनच लावला होता."

मी वही मिटली.

नवी पट्टी तयार झाली. ती तपासायची कशी? कॉलेजात तशी यंत्रं नव्हती. काकांची एक जुनी पांढरी गाडी होती. तिला दोन हॉर्न होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. एका फेरीत एकाच बाजूची पट्टी तपासायची आणि दुसऱ्या हॉर्नची वायर काढून ठेवायची, असं ठरलं. काकांनी डावीकडची पट्टी स्वतःच्या हाताने कसली आणि म्हणाले, चल, खराबात खराब रस्त्यानं जाऊ. रस्ता त्यांना निवडावा लागला नाही. आम्ही लाखांदूरवरून पवनीकडे निघालो. नियम असा, की प्रत्येक किलोमीटरच्या दगडाला हॉर्न वाजवायचा आणि मी वहीत रेघ ओढायची.

पहिल्या दोन गावांत काही झालं नाही. तिसऱ्यात बाया रिकामी सिलिंडरं घेऊन रस्त्यावर आल्या. पुढच्या गावात म्हाताऱ्यांनी हात जोडले. त्यांना वाटलं, निवडणूक लागली. एका ठिकाणी वरात चालली होती. काका नियमाला पक्के. दगड आला, हॉर्न वाजला, नवरदेवाचा घोडा दोन पायांवर झाला आणि नवरदेवाचा भाऊ आमच्या मागे धावला. मी रेघ ओढली.

आमचं गाव पवनीच्या अलीकडे. गावाशी दगड होताच. हॉर्न ऐकून आई बाहेर आली आणि भर दुपारी मला गाडीतून उतरताना पाहून तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"काय झालं व माय? कॉलेजातून हाकलून देल्लं का तुले?"

"नाही आई."

"मग हे मास्तर घरी काहून आले?"

"मास्तर नाही बाई," काका म्हणाले. "हॉर्न तपासून राहिलो आम्ही."

शेजारपाजारचे जमले. कोणी म्हणालं नापास झाली, कोणी म्हणालं पोरीचं कुठी जमलं, पाहाले आले. आईने चहा टाकला. काका आमच्या ओट्यावर बसले आणि घराकडे निरखून पाहू लागले. ते ओठ हलवू लागले. आता फालतू काय काढतात?

बराच वेळ पाहून ते म्हणाले, "बाई, तुमच्या घरात काढाले मले काहीच भेटलं नाही."

ही त्यांच्या तोंडची फार मोठी तारीफ होती. पण आईला ते कसं कळणार? ती पदर खोचून म्हणाली, "काढाले आले होते का जी तुम्ही? पहिले काही ठेवाले आणत जा. मग काढा."

काका चहा सांडेपर्यंत हसले. परत येताना किलोमीटरच्या दोन दगडांना हॉर्न वाजवायचाच विसरले.

साकोलीला पोचून बॉनेट उघडलं. पट्टी जिथल्या तिथे, केसभरही हललेली नाही. शेवंताबाईने पट्टीला हळद-कुंकू लावलं. मी वहीत लिहिलं, 'ठीक'.

उजवीकडच्या पट्टीची फेरी राहिली होती. ती व्हायच्या आत काकांनी बादलीची कडी काढली. बादलीला काठ असतोच, मग कडी कशाला, असा विचार. भरलेली बादली काठाला धरून उचलली आणि उजवं मनगट लचकलं. काकूंनी हळदीचा लेप लावून पट्टा बांधला. "आता हातही फालतू झाला," त्या म्हणाल्या, "तोही काढून कोपऱ्यात ठेवा."

म्हणून उजवीकडची पट्टी मला कसावी लागली. मी पाना लावला आणि सगळा जीव लावून ओढला. एका जागी बोल्ट थांबला. मला वाटलं, झालं.

"कसला का पुरता?" काकांनी विचारलं.

"हो जी."

या वेळी आम्ही नागझिऱ्याकडच्या रस्त्याला गेलो. जंगल लागलं तशी शांतता झाली. तिथे हॉर्न वाजवू नका अशी पाटी होती. काकांनी पाटी वाचली आणि लगेच वाजवला. आवाज कसातरीच आला, गोधडीतून कोणी ओरडावं तसा. तेवढ्यात एक वनरक्षक मोटरसायकल आडवी घालून उभा राहिला.

"काका, बोर्ड दिसला नाही का?"

"दिसला ना. म्हणूनच त आलो. शांत जागी आवाज साफ कळते."

"जनावरं भेतात न!"

"एकच वाजवू द्या अजून. बारका."

"बारका न मोठा काय असते जी? गाडी वळवा."

त्यांचं चाललं होतं, तोवर मी उतरून बॉनेट उघडलं. उजवीकडची पट्टी बोल्टभोवती फिरली होती. हॉर्न मान टाकून खाली लोंबत होता आणि त्याचं तोंड पत्र्याला टेकलं होतं. मी मागे पाहिलं. काका वनरक्षकाच्या मोटरसायकलवरचा एक आरसा कसा फालतू आहे ते त्याला सांगत होते. मी हॉर्न हाताने वर ढकलला, बोल्ट पुन्हा कसला, आणि बॉनेट लावलं.

"काय होतं?" काकांनी विचारलं.

"काही नाही काका. धूळ बसली होती."

वहीत मी पुन्हा 'ठीक' लिहिलं.

मी खोटं का बोलले, त्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. मला खरोखर वाटलं होतं, की चूक पट्टीची नाही, माझ्या हाताची आहे. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही तीनच मुली. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये माझा बोल्ट सुटला, की मागून कोणीतरी म्हणायचंच, हिला पोळ्या लाटायला पाठवा. काकांनी मात्र माझ्या हातात पाना देताना काही विचारलं नव्हतं. त्यांना कळू नये, एवढंच मला हवं होतं.

तो शुक्रवार होता. सोमवारी नमुने घेऊन नागपूरला जायचं होतं. शनिवारी शेडमध्ये लगीनघाई होती. बाया नमुने पुसून कागदात गुंडाळत होत्या. शेवंताबाईने मला स्वतःच्या डब्यातला लाखोळीच्या डाळीचा वडा दिला आणि म्हणाली, "तुझ्यामुळं वाचलो व." मी तो वडा हातातच धरून राहिले. चूक माझ्या हाताची असेल तर पट्टी चांगली आहे आणि लपवण्यासारखं काही नाही. मग मी लपवत का होते? आणि पट्टीची असेल, तर कंपनी सोमवारी नाही तर महिन्याने ती परत पाठवेल, आणि मग दुसरी संधी मिळणार नाही.

रविवारी सकाळी मी काकांच्या घरी गेले. ते तीन पायांच्या स्टूलवर बसून डाव्या हाताने दाढी करत होते.

"काका, त्या दिवशी धूळ नव्हती. पट्टी फिरली होती. मी कमजोर कसला होता बोल्ट. आणि मी खोटं बोलले."

काकांनी वस्तरा खाली ठेवला. अर्धा गाल साबणाचा, अर्धा कोरडा. मग तसेच उठले आणि शेडकडे चालू लागले.

त्या दिवशी त्यांनी जे केलं, ते साकोलीत अजून लोक सांगतात. गाडी शेडसमोर लावली आणि रस्त्याने जाईल त्याला बोलावून बोल्ट कसायला लावला. कसून झालं, की डाव्या हाताने हॉर्न धरून जोरात पिळायचे. पानठेल्यावाल्याने कसला, पट्टी हलली नाही. बाजारातून परत चाललेल्या एका बाईने कसला, हलली नाही. शेवंताबाईला घरून बोलावलं. तिने असा कसला, की सोडायला दोन माणसं लागली. काकूंनी भांडी घासता घासता येऊन कसला. नाही हलली. मग मी कसला. काकांनी पिळला आणि हॉर्न गरकन फिरला.

"सगळ्या साकोलीत," काका म्हणाले, "एकच हात कमजोर निघाला. न तो माह्याकडंच इंजिनिअर म्हणून आला."

लोक हसले. मीही खाली पाहून हसल्यासारखं केलं.

"म्हणजे पट्टीत काही खोट नाही," काका म्हणाले. "सोमवारी जाऊ."

मी तेव्हा जे बोलले, ते कसं बोलले मला माहीत नाही. आवाज माझाच होता, पण फार बारीक होता. "काका, कंपनीत हात नसते जी. तिथं मशीन कसते. किती जोरानं कसाचं, ते ठरलेलं राहते."

"कुठी ठरलं आहे?"

"ड्रॉइंगवर असेल. कोपऱ्यात. तुम्ही ज्या ओळी खोडल्या होत्या त्यांत."

काकांनी कपाटातून मूळ कागद काढून आणला. लाल रेघेखालची पाचवी ओळ. बोल्ट किती जोराने कसायचा त्याचा आकडा. आकडा वाचून भागणार नव्हतं; त्यासाठी जोर मोजणारा पाना लागतो. तो मी कॉलेजच्या वर्कशॉपच्या सरांच्या घरी जाऊन, त्यांना कपाट उघडायला लावून, मागून आणला. शेवंताबाईचा हात आकड्याच्या दुप्पट निघाला. लचकायच्या आधी काकांनी कसलेली डावीकडची पट्टी तर त्याहून वर. कंपनीच्या आकड्याजवळ एकच हात होता. माझा.

धान बांधून, पाणी ओढून घट्ट झालेल्या हातांनी कसली, तरच ती पट्टी टिकणार होती. कंपनीच्या जोराने कसल्यावर पट्टी फिरू नये, कान खरोखर त्याच्यासाठीच होता. आणि कान परत लावला, की बचत गेली, काम गेलं, शेड गेलं. शेवंताबाई मशीनला टेकून खाली बसली.

काका घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. काकूंनी ताट वाढून आणलं. "पहिले जेवा. मग रुसा." काकांनी ताट मांडीवर घेतलं, पण जेवेनात. ताटाच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. काठावर ठिपक्यांची अक्षरं होती. त्यांनीच कधीकाळी कोरलेली, नुसतं 'भेट'. अंगठा तिथे थांबला. त्यांनी ताट वर करून काठाला खालून हात लावला. वरून ठिपका खोल असतो, तिथेच खालून तो फुगीर लागतो. ते भाताचा घास हातात असतानाच उठले.

पट्टीला भोक पाडायला प्रेसचा ठोका मारावाच लागतो. त्याच ठोक्यात शेजारी एक ठिपका दाबला तर? खालून फुगवटा येईल. तो फुगवटा पत्र्यातल्या त्याच छोट्या भोकात बसेल, जिथे आधी कान बसे. वेगळा ठोका नाही, रुंद लोखंड नाही. काकांनी पट्टी ऐरणीवर ठेवली, जुनी छिन्नी काढली. मनगट दुखत होतं म्हणून छिन्नी त्यांनी डाव्या हाताने धरली आणि हातोडी शेवंताबाईने मारली.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे त टिकली झाली."

संध्याकाळपर्यंत आम्ही त्या टिकलीची उंची तीनदा बदलली. लहान झाली तर भोकातून निसटे, मोठी झाली तर पट्टी पत्र्यावर सपाट बसत नसे. मी मोजी, काका शिव्या देत, शेवंताबाई ठोकी. चौथ्या पट्टीला मी बोल्ट कसला आणि काकांनी हॉर्न पिळला. मग शेवंताबाईने पिळला. मग पानठेल्यावाल्याने. पट्टी हलली नाही.

"जिंदगीत पहिल्यांदा काही लावून राहिलो," काका पुटपुटले. चेहरा असा, जसं काही पाप केलं.

काकू दारात उभ्या होत्या. "पाहा व बाई," त्या मला म्हणाल्या, "लगन झाल्यापासून या माणसानं मले टिकलीचं पाकीट आणून देल्लं नाही. न लोखंडाले लावून राहिला."

सोमवारी आम्ही नागपूरला गेलो. कंपनीतला साहेब माझ्यापेक्षा फार मोठा नसेल. त्याने त्यांच्या पान्याने, त्यांच्या आकड्याने बोल्ट कसला आणि पट्टी फिरवून पाहिली. मग कोणाला तरी बोलावून पुन्हा फिरवून पाहिली.

"ड्रॉइंगवर हे काय लिहिलंय? टिकली?"

मला शरम वाटली. रविवारच्या घाईत मी तेच नाव लिहिलं होतं. मी खोडते म्हणणार, तेवढ्यात काका म्हणाले, "साहेब, तुमच्यात काय म्हणतात ते तुम्ही लिहून घ्या. आमच्याइकडं टिकलीच म्हणतात."

"आणि कानाशिवाय पट्टी फिरते, हे तुम्हाला कसं कळलं? तुमच्याकडे टेस्टिंगची सोय आहे?"

"आहे ना," काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हे."

पंधरा दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं. शेवंताबाईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मशीनवर जाऊन बसली. मला प्रोजेक्टला चांगले गुण मिळाले. वहीतला दुसरा 'ठीक' मी खोडला, त्याच्यापुढे 'फिरली' असं लिहिलं आणि वही तशीच जमा केली.

आता मी नागपूरला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. काकांना त्या पट्टीनंतर आणखी दोन पट्ट्यांचं काम मिळालं आहे. परवा रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये बसले होते, तेव्हा त्यांचा फोन आला. नमस्कार, खुशाली वगैरे ते बोलत नाहीत. ते त्यांनी फार पूर्वीच काढून टाकलं आहे.

"कधी येशील? दिव्याच्या पट्टीचे नमुने अडून आहेत. तू कसून पाहिल्याशिवाय मी पाठवत नाही."

"काका, आता जोर मोजायचा पाना घ्या ना जी एक. आकडा लावला की झालं. मी कायले पाहिजे?"

"तो पाना फालतू आहे."

"कसा काय?"

"उद्या तो खोटं बोलला, त दुसऱ्या दिवशी येऊन कबूल करन का?"

फोनवर मागे प्रेसचा आवाज येत होता, आणि शेवंताबाई कोणाला तरी रागावत होती.

"न आयक," काका म्हणाले, "तिथं मेसमधी जास्त खात नको जाऊ. हात भरला त माह्या काही कामाचा राहणार नाही."

मी हो जी म्हटलं, शनिवारच्या पहिल्या बसने येते म्हणून सांगितलं, आणि ताटातली तिसरी पोळी परत ठेवून आले.